अदृश्य किरणांची साक्ष

१९४१ सालच्या जानेवारी महिन्याची अखेर होती. दुसरे महायुद्ध ऐन भरात आले होते. पूर्व आफ्रिकेतील ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, हिंदी सैन्याची एक तुकडी माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याचा पाठलाग करीत होती. मागे हटताना शत्रूने वाटेत जागोजागी भूसुरुंग पेरून ठेवले होते. वरून पाहावे तो नेहमीसारखी माती, नेहमीसारखा रस्ता. परंतु त्या मातीखाली मृत्यू दबा धरून बसलेला! तुकडीच्या अगदी पुढच्या गाडीत २२ वर्षांचा एक तरुण अधिकारी होता. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत हे त्याचे नाव. ‘बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स’ या ज्या पथकात तो होता, त्याचे ठाणे पुण्याजवळ खडकी येथे होते आणि आजही तेथेच आहे.

चार दिवस, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत, भगत यांनी वाट निर्वेध करण्याचे काम चालू ठेवले. ५५ मैलांच्या त्या वाटेवर त्यांनी सुरुंग पेरलेली १५ क्षेत्रे हुडकून काढली आणि ती आपल्या देखरेखीखाली साफ करून घेतली. दोन वेळा त्यांची स्वतःची गाडी सुरुंगावर जाऊन उडाली आणि सोबतच्या माणसांना प्राणांची व शरीराची किंमत द्यावी लागली. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. स्फोटाच्या दणक्याने भगत यांच्या एका कानाचा पडदा फाटला. त्यांच्या जागी दुसरा अधिकारी पाठविण्याची सूचना आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. एवढ्या अनुभवानंतर हे काम तडीस नेण्यास आपणच अधिक योग्य झालो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. या पराक्रमाबद्दल त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

युद्धे संपतात. तह होतात, सैनिक घरी परततात, तोफा थंड होतात. भूसुरुंगाला मात्र युद्ध संपल्याची वार्ता कोणी सांगत नाही. पंचवीस, पन्नास वर्षे तो मातीत तसाच जागा राहतो. त्याला शत्रू आणि मित्र यांतला भेद कळत नाही. सैनिकाचा बूट आणि शाळकरी मुलाचे अनवाणी पाऊल त्याला सारखेच. कंबोडिया, अंगोला, अफगाणिस्तान अशा देशांत नांगर धरणारा शेतकरी, सरपण गोळा करणारी मुलगी, गुरांमागे गेलेला मुलगा यांच्यावर हा घाला अवचित पडत आला आहे. जगात दरवर्षी हजारो माणसे सुरुंगांमुळे आणि युद्धाच्या इतर स्फोटक अवशेषांमुळे मरतात किंवा जायबंदी होतात. कंबोडियातील शेतांच्या कडेला कवटीचे चित्र असलेल्या तांबड्या पाट्या लावलेल्या असतात. पाटीच्या पलीकडे सुपीक जमीन असते, झाडांना फळे लागलेली असतात. परंतु पाऊल टाकण्याची सोय नसते. सुरुंग माणसाचा पाय तर हिरावून घेतोच, शिवाय साऱ्या गावाची जमीनही हिरावून घेतो.

मग हे सुरुंग शोधावयाचे कसे? सर्वांत जुना मार्ग हाताचा. माणूस जमिनीवर ओणवा होतो आणि लांबट सळई तिरपी धरून मातीत हलकेच खुपसतो. सळईला काही कठीण लागले की बाजूची माती हळूहळू दूर करतो. हे काम अतिशय सावकाश चालते आणि त्यात चुकीला क्षमा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात योझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये असताना हातात धरून चालविण्याचे धातुशोधक यंत्र तयार केले. जमिनीत धातू असला की कानाशी लावलेल्या श्रवणयंत्रात आवाज उठे. १९४२ मध्ये ईजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईत या यंत्राचा मोठा उपयोग झाला. परंतु पुढे सुरुंग करणाऱ्यांनी धातूऐवजी प्लास्टिक वापरण्यास प्रारंभ केला. अशा सुरुंगात धातूचा अंश नाममात्र असतो. तो पकडण्यासाठी यंत्र अधिक संवेदनशील करावे, तर ते प्रत्येक गंजलेल्या खिळ्याला आणि बाटलीच्या बुचालाही आवाज देऊ लागते. शंभरदा खोटी हाक ऐकून कंटाळलेला माणूस एकशे एकाव्या वेळी बेसावध झाला, तर तीच वेळ खरी ठरण्याचे भय असते.

या ठिकाणी शास्त्रज्ञांपुढे एक प्रश्न उभा राहिला. धोक्याच्या जमिनीवर पाऊलही न ठेवता, दुरूनच, सुरुंग ओळखता येईल काय? आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही हे खरे. परंतु डोळ्यांना दिसते तेवढाच प्रकाश जगात आहे काय?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १८०० साली मिळाले होते. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये सूर्यप्रकाश लोलकातून सोडून त्याचा वर्णपट पाडला आणि निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्यांत उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या पट्ट्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या उष्णतामापकातील पारा सर्वांहून वर चढला! तेथे न दिसणारे किरण पडत होते. रक्तवर्णाच्या अलीकडचे म्हणून त्यांना मराठीत ‘अवरक्त किरण’ असे म्हणतात. पुढे असे कळून आले की, हे किरण केवळ सूर्यच नव्हे, तर प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार सतत बाहेर टाकीत असते. माणूस, झाड, दगड, माती, सगळेच अवरक्त किरणांत मंदपणे उजळत असतात. नेहमीच्या तापमानाच्या वस्तूंच्या या किरणांची तरंगलांबी साधारणपणे १० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी असते. हे किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याला उष्णतादर्शी कॅमेरा म्हणतात.

पुरलेल्या सुरुंगाचा मागोवा या कॅमेऱ्याला कसा लागतो? उन्हाने जमीन तापली म्हणजे वरची उष्णता हळूहळू खाली झिरपते. परंतु खाली प्लास्टिकचा सुरुंग असेल, तर तो उष्णतेची वाट अडवितो. मग त्याच्यावरचा मातीचा पातळ थर एखाद्या पातळ पत्र्यासारखा वागतो. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. तसाच हा थर दिवसा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अधिक ऊन होतो आणि रात्री अधिक गार पडतो. आफ्रिकेतील चाड देशाच्या उत्तरेकडील वाळवंटात १९८० च्या दशकातील युद्धात पेरलेले सुरुंग आजही पडून आहेत. तेथे २०१९ पासून ‘ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी लहानशा ड्रोनला उष्णतादर्शी कॅमेरा लावून वाळूखालचे सुरुंग आकाशातून हुडकून काढले. वाळवंटात गवत नाही, झाडे नाहीत, ऊन कडक आणि रात्र थंड. या कामाला अशी भूमी अनुकूल ठरली.

परंतु या युक्तीतही एक उणीव आहे. दिवसा जो थर अधिक ऊन असतो आणि रात्री अधिक गार, तो मधल्या काळात केव्हातरी भोवतालच्या जमिनीएवढाच ऊन असणार हे उघड आहे. सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा असा समय येतो. त्या वेळी उष्णतादर्शी कॅमेऱ्याच्या चित्रात सुरुंग आणि जमीन यांत काहीच फरक उरत नाही. जमिनीवर उघडा टाकलेला किंवा वाऱ्याने उघडा पडलेला सुरुंगही अशा वेळी दगडाधोंड्यांत मिसळून जातो. एका साक्षीदाराने मौन धरले, की दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. तो दुसरा साक्षीदारही प्रकाशातच दडलेला होता.

फ्रान्समधील एत्येन-लुई मालूस हा सैन्यातील अभियंताच होता. नेपोलियनच्या ईजिप्तवरील मोहिमेतही तो गेला होता. पॅरिसमध्ये १८०८ साली एका सायंकाळी मावळत्या सूर्याचे किरण समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होत होते. मालूसच्या हातात कॅल्साइटचा पारदर्शक स्फटिक होता. या स्फटिकातून पाहिले की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्याने सहज खिडकीतील चकाकी त्यातून पाहिली आणि स्फटिक फिरविला. तोच एक प्रतिमा मंद होत गेली! थेट येणाऱ्या सूर्यप्रकाशात असे घडत नसे. काचेवरून उसळी घेताना प्रकाशात काहीतरी पालट झाला होता.

हा पालट म्हणजे ‘ध्रुवण’ होय. प्रकाश ही एक लहर आहे आणि लहरीला कंपनाची दिशा असते. दोरीचे एक टोक खिडकीला बांधून दुसरे टोक हाताने हलविले, तर दोरीची लाट वर-खाली उठविता येते किंवा डावी-उजवीकडे. सामान्य प्रकाशात सर्व दिशांची कंपने एकत्र असतात; मधल्या सुटीत मैदानावर वाटेल तिकडे धावणाऱ्या मुलांसारखी. परंतु काच, शांत पाणी, गुळगुळीत प्लास्टिक अशा पृष्ठभागावरून प्रकाश तिरपा परतला म्हणजे त्यातील पुष्कळशी कंपने एकाच दिशेची होतात. कवायतीची घंटा होताच मुलांनी रांग धरावी, तशी. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. माणसाच्या डोळ्यांना हा भेद जवळजवळ उमगत नाही. मधमाश्यांना तो उमगतो. आकाशातील ध्रुवित प्रकाशावरून त्या आपली दिशा ठरवितात.

ध्रुवण हा केवळ दिसणाऱ्या प्रकाशाचा गुण नव्हे. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्-लहरींवर प्रयोग केले. या लहरींची दिशा ओळखण्यासाठी त्यांनी एक अगदी साधी वस्तू वापरली. रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक घेऊन त्यांनी त्याच्या पानांमध्ये कथलाचे पातळ वर्ख घातले. ते पुस्तक एका दिशेने धरले असता लहरी पार जात. काटकोनात फिरविले असता अडत. पुस्तकाची जणू चाळणीच झाली होती! एका दिशेची कंपने जाऊ देणाऱ्या अशा चाळणीला ‘ध्रुवक’ म्हणतात. अवरक्त किरणांसाठीही ध्रुवक करता येतो. त्यात पुष्कळदा अतिसूक्ष्म धातुरेषांची जाळी वापरतात.

आता सुरुंगाकडे वळू. उघड्या सुरुंगाचे प्लास्टिकचे किंवा धातूचे आवरण कारखान्यात तयार झालेले, म्हणून गुळगुळीत असते. त्यातून निघणारे अवरक्त किरण जेव्हा तिरप्या दिशेने बाहेर पडतात, तेव्हा एका दिशेच्या कंपनांना वाट सुलभ मिळते, दुसऱ्या दिशेच्या कंपनांना अवघड. म्हणून ते किरण थोडेबहुत ध्रुवित असतात. वाळू, माती, गवत यांची गोष्ट निराळी. वाळूचा कण आपल्याला लहान वाटला, तरी अवरक्त किरणांच्या तरंगलांबीपेक्षा तो कितीतरी मोठा असतो. असे असंख्य कण आपापली तोंडे असंख्य दिशांना करून पडलेले असतात. एकाने एका दिशेचा पक्ष घेतला, तर दुसरा दुसऱ्या दिशेचा घेतो आणि अखेरीस कोणाचाच पक्ष उरत नाही. निसर्ग सहसा गुळगुळीत पृष्ठभाग घडवीत नाही. तो मनुष्याच्या हातचा असतो. सुरुंग लपविणाऱ्याने त्याला मातीचा रंग दिला, तरी मातीचा खडबडीतपणा तो देऊ शकत नाही. येथेच त्याची लबाडी उघडकीस येते.

नेदरलँड्समधील ‘टीएनओ’ या संशोधन संस्थेच्या हेग येथील प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस या तत्त्वावर प्रयोग करण्यात आले. उष्णतादर्शी कॅमेऱ्यापुढे फिरता ध्रुवक बसवून, चाचणीसाठी मांडलेल्या सुरुंगांची चित्रे घेण्यात आली. ध्रुवक फिरला तरी मातीची उजळी जवळजवळ तशीच राहते. गुळगुळीत वस्तूची मात्र कमी-जास्त होते. निरनिराळ्या कोनांतील चित्रांची तुलना करून यंत्र एक नवे चित्र तयार करते. त्या चित्रात ध्रुवण जेथे अधिक, तेथे प्रकाश अधिक. माती आणि गवत काळोखात बुडतात आणि गुळगुळीत वस्तू उठून दिसते. सुरुंग आणि जमीन यांचे तापमान सारखे झाले असले, तरीही ही खूण टिकून राहू शकते. जेथे पहिला साक्षीदार गप्प बसतो, तेथे दुसरा बोलू लागतो, तो असा.

तथापि या साक्षीदारालाही मर्यादा आहेत. कॅमेरा अगदी सरळ वरून खाली पाहत असेल, तर ध्रुवण दिसत नाही. त्याला तिरपेच पाहावे लागते. आकाश निरभ्र असेल तर खूण ठळक उमटते. ढग दाटले तर ती पुसट होते. कारण वस्तूवरून दोन प्रकारचे अवरक्त किरण येतात, एक तिचे स्वतःचे आणि दुसरे भोवतालहून येऊन परतणारे. या दोहोंच्या ध्रुवणाच्या दिशा परस्परांशी काटकोनात असतात, म्हणून ते एकमेकांचा परिणाम खोडून काढतात. निरभ्र आकाश असे किरण थोडेच पाठविते. ढग मात्र पुष्कळ पाठवितात. शिवाय पाण्याचे डबके, काचेचा तुकडा किंवा डब्याचे झाकणही सुरुंगासारखेच चमकते. आणि सुरुंग मातीखाली पुरला असेल, तर त्याचे गुळगुळीत अंग कॅमेऱ्याला दिसतच नाही. नुकतीच उकरलेली माती भोवतालच्या मातीहून निराळी दिसते, तेवढीच खूण उरते. तीही पाऊस, वारा आणि काळ पुसून टाकतात. वर झाडी वाढली, तर विचारावयासच नको.

म्हणून शहाणे लोक एकाच साक्षीदारावर निकाल देत नाहीत. उष्णतेची खूण, ध्रुवणाची खूण, धातुशोधकाचा आवाज, जमिनीत लहरी सोडून त्यांचा प्रतिसाद टिपणारे रडार, या सर्वांची साक्ष ताडून पाहतात. मुके प्राणीही या कामी मदत करतात. कंबोडियात मगावा नावाच्या आफ्रिकी उंदराने केवळ वास घेऊन शंभराहून अधिक सुरुंग व इतर स्फोटके दाखवून दिली. त्याबद्दल २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक देण्यात आले. कॅमेरा दुरून सांगतो, ‘येथे संशय आहे’; उंदीर किंवा कुत्रा जवळून सांगतो, ‘येथे दारूचा वास आहे’; आणि शेवटी एक माणूस गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून, माती दूर करतो. त्या माणसाचे धैर्य आजही लागतेच. परंतु त्याने किती जमिनीवर आणि किती वेळा जीव पणाला लावावा, हे आता केवळ दैवावर सोडून द्यावे लागत नाही.

सुरुंग काढण्याइतकेच ते न पेरणे महत्त्वाचे आहे. माणसांवर वापरावयाच्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार १९९७ मध्ये कॅनडातील ओटावा येथे झाला आणि जगातील बहुसंख्य देश त्यात सामील झाले. भारत, अमेरिका, रशिया व चीन यांसारखे काही देश त्याबाहेर राहिले. २०२५ मध्ये युरोपातील काही देशांनी युद्धाच्या भीतीने त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. म्हणजे मनुष्याने हे काम अद्याप तडीस नेलेले नाही. एक हात पेरीत आहे आणि दुसरा हात वेचीत आहे.

ॲबिसिनियाच्या वाटेवर भगत यांना जे ज्ञान मिळाले, त्यासाठी सोबत्यांचे रक्त सांडले आणि त्यांचा स्वतःचा कान गेला. त्यांच्यासारख्यांना पुढे जाण्यापूर्वीच वाटेचे गुपित कळावे, यासाठी आज कोणी प्रयोगशाळेत ध्रुवक फिरवीत बसलेला असतो. पहिल्याचे शौर्य साऱ्या जगाला दिसते, दुसऱ्याचे श्रम सहसा दिसत नाहीत. परंतु एखाद्या गावाच्या शेताकडेची तांबडी पाटी जेव्हा उपटली जाते आणि तेथे पुन्हा नांगर चालू लागतो, तेव्हा त्या तासांत दोघांचाही वाटा असतो.

अभ्यास

१. दुसरा अधिकारी पाठविण्याची सूचना भगत यांनी का नाकारली? त्यावरून त्यांचे कोणते गुण दिसून येतात?
२. ‘सुरुंग साऱ्या गावाची जमीनही हिरावून घेतो,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. कारणे द्या : (अ) प्लास्टिकचे सुरुंग धातुशोधक यंत्राने शोधणे कठीण जाते. (आ) सकाळी व सायंकाळी एका विशिष्ट वेळी उष्णतादर्शी कॅमेऱ्याला सुरुंग दिसत नाही. (इ) वाळूतून निघणारे अवरक्त किरण ध्रुवित नसतात.
४. हर्शेल, मालूस आणि बोस यांच्या प्रयोगांचा सुरुंगांच्या शोधाशी कसा संबंध आहे, ते क्रमाने लिहा.
५. ‘एक हात पेरीत आहे आणि दुसरा हात वेचीत आहे.’ हे हात कोणाचे? तुम्हांला काय वाटते, ते आठ-दहा ओळींत लिहा.
६. वाक्यांत उपयोग करा : दबा धरून बसणे, तडीस नेणे, जीव पणाला लावणे, उघडकीस येणे.
७. बेवारस किंवा अनोळखी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता दूर व्हावे आणि मोठ्या माणसांना किंवा पोलिसांना कळवावे. ही सूचना देणारी एक पाटी तयार करून वर्गात लावा.